उलटी अक्षरं

उद्यमनगरात तिला कुणी नावानं हाक मारली नाही.
बेडूक म्हणायचे. साबणाची वडी म्हणायचे.
स्पिटफायर हे अब्बांच्या जिभेवर बसेना,
ते म्हणत, रंगरावांची बाई.

रंगराव चौगुले, साखर कारखान्यात केमिस्ट.
मायदेशी निघालेल्या पाचगणीच्या एका मास्तरणीकडून
चौऱ्याहत्तर साली घेऊन आले.
दोनच सीटा. डिकीत गुळाची ढेप मावेना.
वरातीसाठी विचारायला आलेले वाकून आत बघायचे
आणि म्हणायचे, नवरा-नवरी बसतील हो,
करवली कुठं?
गतिरोधकावर खालून सायलेन्सर घासला
की रंगराव माफी मागायचे. तिची.

एक्याऐंशीत पाण्याचा पंप गेला.
मुंबईत नाही, मद्रासला नाही.
लक्ष्मीपुरीच्या भंगारातून हेराल्डचा आणला,
तोही तडकलेला.
मग अब्बांनी सागवानाचा साचा कोरला,
काळ्या वाळूत दाबला, अलगद उचलला,
आणि बीड ओतायच्या आधी, काय सुचलं कुणास ठाऊक,
खिळ्यानं वाळूत लिहिलं: द. शि.
थंड झाल्यावर पंप फोडून काढला
तर अक्षरं उलटी.
शेजारचा लेथवाला पोट धरून हसला,
"दस्तगीर, आरशात बघून वाचायचं व्हय?"

पंप मात्र गळला नाही. अजून.

सीटा सुभाषनगरच्या मारुती व्हटकरनं शिवल्या,
चपलेच्याच कातड्याच्या, कडेनं वेणी घालून.
वेणी कशाला, विचारलं
तर म्हणाला, हात थांबंना.
गिअरचा गोटा बाभळीचा, मी कातलेला,
वय वर्षं चौदा.

रंगराव गेले. लेक बंगळुरात.
ताडपत्रीखाली ती आमच्याच शेडमध्ये राहिली,
बॉनेटवर मांजरीची तीन बाळंतपणं झाली.
दर खंडेनवमीला लेथशेजारी तिलाही झेंडूची माळ,
आणि रंकाळ्यापर्यंत एक फेरी, डबक्यातून सांभाळून.
लेकीनं मध्यंतरी पन्नास हजाराला काढली होती.
कुणी फिरकलं नाही.

यंदा पुण्याहून गुर्जर आले.
हातमोजे पांढरे, फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक,
पत्र्यावरून फिरवत राहिले, कुठं लांबी भरलीय का बघत,
वैद्य पोट चाचपतो तसं.
म्हणाले, थोरल्या गाड्या आता आवाक्यात नाहीत,
तशी लोकांची नजर खाली आली,
आणि खाली ही बसलेली होती.
दोन वर्षांत दर चौपट.
मी विचारलं, दोन वर्षांत तिच्यात काय बदललं?
ते हसले. चांगला माणूस.

मग वही काढली.
चेसिसचा नंबर जुळतो, इंजिनचा जुळतो.
सीटा: ओरिजिनल नाहीत, वजा सव्वा लाख.
गोटा: वजा.
पंपाशी वाकले, बराच वेळ बॅटरी मारली,
"ही कुठली लिपी?"
म्हटलं, आमची.
वजा चाळीस हजार.

बसून बेरीज केली त्या रात्री.
जेवढ्या वेळा ती मरता मरता राहिली
तेवढी तिची किंमत उतरली होती.
तरी आकडा इतका, की लेकीनं फोनवर दोनदा विचारलं,
रुपयेच ना?

गाडी गेली. ट्रकवर चढवताना
मारुतीचा नातू बघायला आला होता, बोलला नाही.

तीन महिन्यांनी कुरिअर.
थर्माकोलमध्ये सीटांची सोललेली कातडी, गोटा, पंप.
सोबत चिठ्ठी: इंग्लंडहून अस्सल मिळाले, हे तुमचं.
पंप घासून लख्ख केला होता बिचाऱ्यांनी.

आणि काल बेळगावहून फोन.
कुणी मुतगेकर. तसलीच गाडी,
परसात पडून होती, आता भाव आलाय म्हणे,
पंप फुटलाय, बाहेरचा आणायचा
तर गाडीपेक्षा पंप महाग.
"तुमच्याकडं एक ओतला होता ना?"

साचा माळ्यावर सापडला.
वाळवीनं एक कान खाल्लाय, भरून घेता येईल.
वाळू चाळून ठेवलीय, भट्टी शनिवारी.
खिळा हातात घेऊन बघितला.
लिहीन तशीच, सुलटी.