माप

व्हॉट्सअ‍ॅपवर पाय आला.
खाकी कागदावर पेन्सिलीनं ओढलेला, डावा,
शेजारी फूटपट्टी, मला इंच कळावेत म्हणून.
खाली एस्तेरचं अक्षर: बाबा, हिला एक जोड कराल?
नाव इलोना.

पायाला नाव असतं याची मला सवय नाही.
सुभाषनगरात पन्नास वर्षं रापी चालवली,
वहीत लिहिलं ते एवढंच:
आठ नंबर, कापशी, दोन वेण्या, उधार.

गल्लीत विचारतात, लेक परदेशात काय करते?
मी म्हणतो, नर्स आहे.
मंडळीचे थोरात वडील विचारतात, बाप्तिस्मे किती झाले?
वार्षिक अहवालात आकडा घालायचा असतो त्यांना.
मी म्हणतो, थंडी फार आहे तिकडं.

ती सांगते ते असं:
कालव्याकाठी बोळ, बोळात काचा,
काचेवर लाल दिवा, आत एक खुर्ची, एक बाई.
एस्तेर रोज संध्याकाळी थर्मास घेऊन जाते.
आठ महिने कुणी दार उघडलं नाही.
नवव्या महिन्यात इलोनानं उघडलं आणि विचारलं,
साखर आहे का?

हे कुठल्या रकान्यात घालायचं, थोरात वडील?

पाय मी बोटांनी मोठा करून पाहिला.
टाच पसरलेली. उभं राहणं फार.
करंगळी आत दबलेली, उंच टाचेचा बूट.
अंगठ्याच्या मुळाशी हाड बाहेर आलंय,
या वयात यायला नको होतं.

असा पाय मी पाहिलाय.
यष्टी स्टँडच्या मागच्या बायका यायच्या
भर दुपारी, गिऱ्हाईक नसताना,
माझ्याकडं नसायचं आणि त्यांच्याकडंही.
कागदावर पाय ठेव म्हणायचो.
पेन्सिल फिरवायची, मान वर करायची नाही.
यालाच मी सभ्यपणा समजत होतो.
रविवारी उपासनेला बसून
कमरेला रुमाल बांधून पाय धुणाऱ्याची गोष्ट ऐकायचो,
आमेन म्हणायचो.

एस्तेर तेव्हा सात वर्षांची,
दुकानात कातड्याच्या तुकड्यांत खेळणारी.
ती बघायची वर. सरळ तोंडाकडं.
मावशी, तुमचं नाव काय?
मी डोळे वटारायचो.

बाभळीच्या सालीत कमावलेलं कातडं काढलं.
माप एकाच पायाचं; दुसरा मनानं धरला,
सारखे नसतात कधीच, थोडी जागा ठेवली.
फोनवर म्हटलं, अगं, बर्फात ही चप्पल घालून जाणार कुठं?
म्हणाली, कुठं नाही.
दिवा बंद केला, पडदा ओढला, की खोलीतल्या खोलीत.
तेव्हा घालायला तिचं स्वतःचं काही नाही.

तळाच्या दोन थरांत विंचू घालतात, बी असतं ते.
त्यानं चप्पल करकरते, माणूस चौकात आहे तोवरच कळतो.
म्हटलं, हिला नको.
हिचं येणं-जाणं आधीच साऱ्या बोळाला ठाऊक.
बिनआवाजाची शिवली, वेणी घातली, तेल लावलं.

रात्री निरोप आला:
इलोना विचारते, वाजते का?
मी तिला तुमच्या चपलेचं सांगितलं होतं, बाबा,
तुम्ही जिना चढायला लागलात की आई चहा टाकायची ते.
तिला वाजणारी पाहिजे.

तळ उसवला.
या वयात उसवणं शिवण्याहून जड जातं, बोटं ऐकत नाहीत.
विंचू घातला. पुन्हा टाके.
आतल्या अंगाला, टाच झाकेल तिथं,
आरीनं नाव कोरलं, मराठीत.
वेलांटी जरा तिरकी गेली.

पार्सल गेलं त्या दिवशी जुन्या वह्या काढून बसलो.
सहा नंबर. सात नंबर. सहा नंबर, रोख.
एस्तेरला विचारलं, तुला कुणाची नावं आठवतात?
तिला दोन आठवली.
शांतव्वा. कस्तुरा.

कस्तुराच्या पुढं माझ्याच हातचं लिहिलंय:
सुटे नव्हते. बाईंचे आठ रुपये देणे.