बोलत राहा

रांजणाचं तोंड माझ्या खांद्यांना पुरेनासं झालं
त्याला तीस वर्षं झाली.
आता नेस्तान उतरते.
नऊ वर्षांची, कोपरं अंगाशी आवळून,
दातांत चेरीच्या सालीचा कुंचा,
शिडीची चौथी पायरी, आणि दिसेनाशी.

वर मी, गुडघ्यांवर, गाडलेल्या गळ्याशी कान लावून.
नियम एकच: बोलत राहा.
तळाशी गेल्या साली-बियांची वाफ साचलेली असते,
ती माणसाला झोपवते, न दुखवता.
आधी मेणबत्ती सोडून बघतोच आम्ही,
पण मेणबत्तीला हाक मारता येत नाही.

ती बोलते. बाईंच्या केसांचा टोप,
मांजरीची तिसरी बाळंतपणं,
आणि पोलंडहून ट्रक थांबवून फोन करणारे बाबा
रांजणातून बोलल्यासारखे वाटतात, म्हणते.
मी हं म्हणते.

मी उतरायचे तेव्हा वर माझे वडील, शाल्वा.
मी वेलींची नावं म्हणायचे. साफेरावी, रकात्सितेली, खिख्वी.
संपली की शेजाऱ्यांच्या कोंबड्यांची.
तीही संपली की खोटं बोलायचे.
ते सगळ्यालाच हं म्हणायचे.

एका वर्षी म्हणाले, "गप्प."
फळी सरकली, उजेड गेला.
बूट आले, तीन जोड.
माझ्या डोक्यावर एक कागद वाचला गेला:
मॉस्कोचा हुकूम, दारू वाईट, द्राक्षं उपटा.
मग ट्रॅक्टर.

मूळ तुटताना जमिनीखालून कसं ऐकू येतं
हे फार थोड्यांना ठाऊक असेल.
वर नुसती घरघर.
खाली एकेक.
मी मोजत होते. दोनशे चौदानंतर आकडे विसरले,
किंवा विसरायचं ठरवलं.

फळी हलली. वडील म्हणाले, "आता बोल."
मला एकाही कोंबडीचं नाव आठवेना.

तुतींच्या आड एकोणीस वेली उरल्या होत्या.
"हे काय?" साहेबानं विचारलेलं.
"कुंपण."

आज उतारावर जे काही आहे
ते सगळं त्या कुंपणाची कलमं.
ओळींमध्ये बाकला पेरतो, फुलावर आला की तिथेच आडवा करतो.
गंधकाची चिमूट, तीही पावसाळी वर्षी.
गांधीलमाश्या आपला वाटा खातात,
आम्ही त्यांना शिव्या देतो, त्या वजनात धरत नाही.
शेजारचा गोदेर्झी फवारतो. त्याची पानं जास्त हिरवी आहेत,
खोटं कशाला बोलू?

शहरातून आलेल्या बाईंनी फॉर्म पुढे केला.
"रसायनं नाहीत, किती वर्षांपासून?"
मी लिहिलं: ज्या हिवाळ्यात वीज नव्हती, रोटी रांगेत मिळायची,
आणि विष घ्यायला पैसे नव्हते, तेव्हापासून.
त्या हसल्या नाहीत. रकाना लहान होता.
नंतर मीच पैसे असूनही घेतलं नाही, हे
त्यांना सांगायचं राहिलं.
फावड्याखाली गांडूळ दिसलं होतं, बारा वर्षांनी पहिलं,
माझ्या करंगळीएवढं.
वडील टोपी काढून उभे राहिले. त्याच्यासाठी.

खरखर थांबली आहे.

"नेस्तान?"

काही नाही.

"नेस्तान!"
मी शिडीला हात घालते. खांदे आडवे येतात,
माझे स्वतःचे, मूर्ख, रुंद खांदे.

"अगं थांब ना," खालून, गोल आवाजात.
"इथे कुणाचातरी अंगठा आहे. मातीत उमटलेला.
माझा त्यात बसतो का बघतेय."

श्वास मला जरा उशिरानं सापडतो.
"बसतो?"

"मोठा आहे."
मग पुन्हा कुंचा, खालून वर, खालून वर.
"आई, पाणी सोड. कोमट.
गेल्या वेळी फार गार होतं."