रकाना क्रमांक नऊ

रिवणच्या प्राथमिक शाळेत सात दिवस
पन्नास मुलं घेऊन आम्ही राहिलो.
सकाळी श्रमदान: झरीतला गाळ उपसायचा.
गाळ लाल, खाणीवरून उतरलेला,
पण ते अहवालात लिहायचं नसतं.
लिहायचं: 'जलस्रोताची स्वच्छता. सहभाग पन्नास.'

दुपारी बौद्धिक.
वक्ते वरूनच ठरतात.
माझ्याकडे येतं फक्त नाव
आणि जेवणात मासळी नको, एवढी सूचना.
आधीच्या राजवटीतले वक्तेही असेच यायचे,
त्यांना सुंगटांचं हुमण चालायचं, बाकी तेच.
टी-शर्टवर चेहरा तेव्हाही होता, पाठीवर;
आता तो छातीवर आलाय.
पहिल्याच धुण्यात रंग सुटतो,
पन्नास बनियनं एका छटेची होतात.

वक्ते म्हणाले, नागरिकाची कर्तव्यं अकरा.
बोटांवर मोजली. दहा बोटं संपली
तेव्हा अकराव्यासाठी त्यांनी माईक उंच धरला.
मागून सुलक्षा वेळीप उठली, हाताला अजून लाल माती:
'सर, ह्यात प्रश्न विचारणं कितवं?'

वक्ते हसले. वाईट नव्हतं ते हसू.
'छान!' म्हणाले, आणि घोषणा दिली.
मुलांनी मागोमाग दिली.
सगळ्यात मोठा आवाज सुलक्षाचाच होता.
दुसरा माझा.

रात्री शांबा गांवकर बॅटरी घेऊन आला.
'नळाक उदक केन्ना येतलें?'
म्हटलं, मी मास्तर, केप्याच्या कॉलेजात.
त्यानं उजेड माझ्या टी-शर्टवर टाकला,
बराच वेळ तिथेच ठेवला.

मानधनाच्या व्हाउचरवर तिकीट चिकटवलं.
शाल एक, श्रीफळ एक, पेट्रोल वेगळं.
रकाना नऊ: 'उपस्थित झालेले मुद्दे, असल्यास.'
आठ वर्षं मी तिथे 'निरंक' लिहीत आलो.
ह्या वेळी सुलक्षाचा प्रश्न लिहिला,
पेन्सिलीनं.
खाडाखोड नको म्हणून,
असं स्वतःला सांगितलं.

पंधरा दिवसांनी अहवाल पणजीहून परत.
कुणा कारकुनानं, ज्याला बहुतेक
ह्यांचंही पडलेलं नाही, त्यांचंही नाही,
समासात लिहिलेलं:
'रकाना ९ पेनानं भरावा.'

पेन खिशात आहे. शिबिरातच मिळालेलं,
योजनेचं नाव आहे त्याच्यावर.
तळहातावर ओढून पाहिलं:
शाई निळीच आहे.