बाविसाव्या मजल्यावरचा देखावा

इमारत नव्हती अजून.
शिवडीत, रंगाच्या जुन्या कारखान्याच्या मोकळ्या प्लॉटवर
बिल्डरचा माणूस म्हणाला,
"सातवा, चौदावा आणि बाविसावा.
खिडकीतून दिसेल तसं पाहिजे."
खिडकीही नव्हती.

विजयकरांनी हातरुमाल पसरून त्यावर गुडघा टेकला,
दोन्ही पाती बोटावर तोलून पाहिली.
एक गुंजभर हलकं निघालं,
त्याला सेलोटेपचा नखाएवढा तुकडा चिकटवला.
गोदीत तीस वर्षं फिटर होते.
म्हणायचे, यंत्र थरथरलं की चित्राला हिवताप भरतो.

मग एरंडेल जळाल्याचा वास,
दोन हात लांबीच्या देहातून निघालेली किंकाळी,
पोटाखाली रबरी बुशांवर बांधलेला कॅमेरा,
आणि प्लॉटवरचं कुत्रं जे पळालं
ते थेट रे रोडकडे.

आमची वाटणी ठरलेली.
त्यांनी पडदा बघायचा नाही, मी आभाळ बघायचं नाही.
गळ्यात रिमोटची पेटी अडकवून ते मान वर करून उभे,
मी काळ्या कापडात डोकं खुपसून.
सहा वर्षं शेजारी उभं राहून
एकमेकांचं काम आम्ही पाहिलंच नव्हतं.

सातवा:
समोरच्या गच्चीवर पापड, आणि ते उडू नयेत म्हणून
दगड शोधणारी बाई.
चौदावा:
खारफुटी, ओहोटीने चिखलावर मागे ठेवलेल्या शिरा.
बाविसावा अंदाजानेच.
बंद गिरणीची चिमणी म्हणजे अठरा मजले,
त्यावर चार, विजयकरांच्या नजरेचे.

"दारूखाना नको," बिल्डरचा माणूस ओरडला,
"फोडलेली जहाजं बघत चहा कोण पिणार?
समुद्र तेवढा दाखवा."
"डावीकडे," मी कापडातून.
यंत्र वळलं, वळत वळत त्याचं तोंड आमच्याकडे झालं.
आणि तोंड आपल्याकडे असलं
की त्याचं डावं ते आपलं उजवं.
नवशिक्यांची यंत्रं इथेच जमिनीत घुसतात.
"आपण त्याच्या जागी जाऊन बसायचं," विजयकर शिकवायचे,
"समोरच्याचं डावं कळलं की संसारसुद्धा पडत नाही."
आणि स्वतःच हसायचे.
बायको माहेरी जाऊन त्यांना अकरा वर्षं झाली होती.

घार आली ती मला दिसली नाही.
पडद्यावर आधी आभाळ, मग चिमणी आडवी,
मग जमीन,
वेगाने मोठी होत येणारी, आणि तिच्यावर दोन माणसं.
त्यातल्या एकाला डोकं नव्हतं, नुसतं काळं कापड.
चौथ्या मजल्यावर त्यांनी यंत्र झेललं.
झेललंच म्हणायचं.
खाली उतरवलं, रुमाल झटकला,
म्हणाले, "टेप बघ, चालू होती का?"

बिल्डरने ते चार सेकंद काढून टाकायला लावले.
मी ते ठेवले.

आता माझ्याकडे चार पंख्यांचं आहे.
हात सोडला तर हवेत तसंच उभं राहतं,
बाकावर उभं केलेल्या पोरासारखं.
बॅटरी संपत आली की न सांगता घरी येतं.
विजयकरांचं सोडलं असतं तर पडलं असतं.
त्यांना नाक खाजवायचं असलं
तरी आधी खाली उतरावं लागे.

इमारत झाली.
बाविसाव्या मजल्याच्या खिडकीतून
शेजारच्या इमारतीचा बाविसावा मजला दिसतो.
परवा तिथेच एका मुलाच्या वाढदिवसाचं शूटिंग होतं.
फुगे, केक, आणि बंद पडदा.

घरी येऊन टेप लावली.
जमीन येते, मोठी होते, थांबते.
विजयकर वर बघतायत,
थेट माझ्याकडे म्हणायचं तर तसंही,
अंगठे इतके कमी हलतात की आधी वाटलं चित्र अडकलं.
ओठ मात्र हलतात.
आवाजाला सगळं इंजिनच.
डावं म्हणाले की उजवं,
की त्या घारीला काही बोलले,
शेजारी उभी होते मी, दीड हातावर,
कापडात.