चौकटीच्या खाली

वीस वर्षं मी ज्यूरीच्या खोल्यांचा अभ्यास केला.
टेबलाच्या टोकाला कोण बसतं,
पहिलं वाक्य कोणाच्या तोंडून निघतं,
गप्प माणूस कितव्या तासाला मान डोलावतो.
त्या डोलावण्यापुढे मी तक्त्यात ‘सहमत’ लिहीत असे.

मग टेबलच गेलं.
याकिमा खोऱ्यातला तो दावा
बारा चौकोनांत चालला, सहा दिवस.
टोक कुणाच्याच वाट्याला नव्हतं.
चार नंबर इस्त्री करत होता, दिसायचा फक्त खांदा,
पुढे-मागे, पुढे-मागे.
सात नंबरच्या पाठीमागे कुणीतरी फ्रीज उघडून
न्यायाधीशांच्या देखत दूध प्यायलं.
नऊ नंबर विल्मा प्रुइट, शाळेची बस चालवणारी.
घरी नेट धड नाही म्हणून वाचनालयाच्या पार्किंगमध्ये
आपल्या गाडीत बसून न्याय करत होती,
काच धुरकटली की बाहीने पुसत.

दावा आन्सेल्मो किरोगाचा.
सफरचंदांच्या गोदामातला सरकता पट्टा
आणि त्यात गेलेला उजवा हात,
हातावर पोट असलेल्या माणसाचा.

त्याच्या वकीलबाईंना, ब्रेना हाल्डोर्सनना, मी यादी दिली:
कॅमेरा डोळ्यांच्या रेषेत; खाली पुस्तकं रचा.
उजेड समोरून, खिडकी पाठीशी नको.
भिंत कोरी. कुत्रं शेजाऱ्याकडे.
बोलताना स्वतःच्या चित्राकडे बघू नये,
त्या बारीकशा हिरव्या दिव्याकडे बघावं.
चेहरा मोठा दिसू द्या, लोक चेहऱ्यावर विश्वास टाकतात.
हात खाली, मांडीवर, स्वस्थ.
हलणारे हात खोटे वाटतात, मी म्हणाले.

त्याने ऐकलं. तो सगळ्यांचंच ऐकायचा,
गोदामातही, पट्टा चालू ठेवून साफ कर म्हणाले तेव्हाही.

दीड दिवस तो दुभाष्यामार्फत बोलला.
उजेड सुंदर पडला होता.

निकालानंतर मी एकेकाला फोन लावला; तेही माझ्या कामात येतं.
माणूस खरा वाटला, सगळे म्हणाले.
दवाखान्याची बिलं द्यायलाच हवी होती.
आणि दुखण्याचे पैसे?
इथे प्रत्येक जण जरासा थांबला.
‘तसा बरा दिसत होता की,’ इस्त्रीवाला म्हणाला.

बारांपैकी दहा पुरतात.
दहा पिवळे हात पडद्यावर उगवले,
पाचही बोटं शाबूत असलेले.

विल्माचं चित्र तेव्हा गोठलेलं, तोंड अर्धं उघडं.
बाकीच्यांना वाटलं, विचार करते आहे.
पुन्हा जोडली गेली तेव्हा तिने हात वर केला नाही,
एक चिठ्ठी पाठवायला लावली न्यायाधीशांना:
त्यांचा हात बघता येईल का?
उत्तर एका ओळीत आलं. पुरावा संपलेला आहे.

‘पण फोटो होता ना,’ मी तिला म्हणाले, ‘पुरावा क्रमांक सतरा.’
‘तो दवाखान्यातला हात होता,
निळ्या कापडावर ठेवलेला, कुणाचाही असता.
या माणसाचा मी पाहिलाच नाही.
सहा दिवस वाट बघितली, पाणी प्यायला तरी उचलेल म्हणून.’
मागे बसचं दार फुसकन मिटलं.
‘कोणी सांगितलं होतं का त्याला, खाली ठेव म्हणून?’

मी म्हणाले, माझं काम फक्त सल्ल्यापुरतं असतं.
म्हणजे मीही हात वर केले.

हातच्या काकणाला आरसा लागत नाही, म्हणतात.
खरं असेल. हात तेवढा समोर हवा.

त्या रात्री यादी उघडली
आणि सगळ्यात खाली एक ओळ वाढवली:
कॅमेरा चार बोटं मागे घ्या.
मग ‘चार बोटं’ खोडून ‘थोडा’ लिहिलं.
दर तोच ठेवला.