भूगोल : पट अकरा

ठराव क्रमांक चार. दोनदा वाचला,
शुद्धलेखनाची चूकसुद्धा सापडली नाही.
'विद्यार्थिसंख्येअभावी भूगोल विभाग
येत्या जूनपासून बंद करण्यात येत आहे.'
करण्यात येत आहे. वाक्यात कर्ता नाही.
कर्त्याच्या जागी खाली एक रिकामी रेघ,
आणि रेघेखाली माझं नाव:
डॉ. वैदेही करमळकर, प्राचार्य.

घणसोलीच्या या इमारतीत अनुदानाचा रुपया येत नाही.
येते ती फी, तीही हप्त्यांनी,
आणि विश्वस्तांचे फोन, ते एकरकमी.
पदूशेठ म्हणाले, "मॅडम, भावना बाजूला.
त्या खोलीत डेटा सायन्सची साठ पोरं बसतील."
साठ गुणिले पंच्याण्णव हजार.
मी तोंडी केला गुणाकार,
आणि लाज वाटली ती
उत्तर चटकन आलं याची.

फेब्रुवारीचे थकलेले पगार त्यातूनच निघतील,
हेही खरं.
तासिकेवरच्या बावीस जणांना मी टाळते हल्ली,
जिना सोडून लिफ्टने जाते.
मीही त्यांच्यातलीच होते एकेकाळी,
स्टाफरूममध्ये प्राचार्यांची नक्कल झकास करायचे.
आता मी आत शिरले
की डब्यांची झाकणं लागतात.

परकार सर काल आले. बसले नाहीत.
भांडतील असं धरून मी पाणी मागवून ठेवलेलं.
ते एवढंच म्हणाले,
भिंतीवरचा नकाशा कुठे ठेवणार, सांगा.

खाडीकाठचा नकाशा, हाताने काढलेला.
अकरांपैकी चौघी दोन वर्षं खपल्या होत्या,
गावातल्या म्हाताऱ्यांना विचारून विचारून:
कुठलं खाजण कुणाचं, बांध कुठे, उघाडी कुठे,
जिताडा कुठे हमखास मिळायचा.
पदूशेठच्या आजोबांचं नावही आहे त्यात,
एका बांधावर, बारीक अक्षरात.
त्यांनी ते पाहिलंय की नाही, मी विचारलेलं नाही.
विचारायला हवं होतं, बैठकीतच.

आज दुपारी खाली गेले
तर हसुरामने शिडी लावलेली.
चार प्राचार्य आले-गेले त्याच्यासमोर, मी पाचवी.
दोन खिळे निघाले, आणि तो थांबला.
एका चौकोनावर बोट ठेवून म्हणाला,
"यो आमचा आगर, मॅडम."
मी चष्मा पुसून पाहिलं.
रस्ता, फाटक, पार्किंग मनात मोजत गेले
आणि माझ्या केबिनपाशी येऊन पोचले.

पाच वाजता फाईल न्यायला गाडी येईल.
नकाशा एका बाजूने लोंबतोय,
खाडी कलंडलीय वर्गाकडे.
"काढू का ठेवू?" हसुराम वरून विचारतो.

शिडी खालून मी धरलीय, दोन्ही हातांनी.
सध्या एवढं एकच काम
मला नीट जमतंय.