संकल्प

चेंबूर, अकरावा मजला. लिफ्ट बंद.
वझे गुरुजी दम खात म्हणाले,
'हातात पाणी घ्या.'

आणि पत्ता सांगू लागले:
श्वेतवाराह कल्प, वैवस्वत मन्वंतर,
अठ्ठाविसावं कलियुग, जंबुद्वीप,
गोदावरीचा दक्षिण तीर...
खिडकीत रिफायनरीची ज्योत.

माझी मृण्मयी खोडदच्या दुर्बिणीवर नोकरीला.
पुटपुटली,
'कन्या समूह, आकाशगंगा, मृग भुजा,
सूर्यापासून तिसरा.'
गुरुजींनी ऐकलं.
'त्यात तिथी कुठे बसते?'
ती चक्क विचारात पडली.

चारशे बत्तीस कोटी वर्षांचा ब्रह्मदेवाचा एक दिवस,
तेराशे ऐंशी कोटींचा शिळा उजेड,
आणि माझ्या बोटांच्या फटींतून
नव्या लादीवर
ठिबकणारं पाणी.

'सांडू नका,' गुरुजी म्हणाले,
'अजून गोत्र राहिलंय.'